बय्यूमीची उलटी जाळी

आमच्या गल्लीत शिरलात की डाव्या हाताच्या तिसऱ्या घराला, वरच्या मजल्यावर, एक मशरबिया दिसते. जाणकार माणूस ती पाहून आधी थबकतो आणि मग हसतो. कैरोतल्या जुन्या घरांच्या भिंतीबाहेर लाकडी जाळीचे हे जे सज्जे काढलेले असतात, त्यांची रीत ठरलेली आहे. खाली बारीक वीण, वर मोकळी. इथे नेमके उलटे आहे. वर मुंगीलाही वाट काढावी लागेल अशी दाट जाळी, आणि खाली, बसल्या माणसाच्या तोंडासमोर, मूठ जाईल एवढाली भोके. कुणी म्हणतो, बसवणाऱ्याने पालथी बसवली. कुणी म्हणतो, लाकूड कातणारा कातारी त्या दिवशी शुद्धीवर नसावा. गल्लीतली माणसे वाद घालत नाहीत. कडक चहापलीकडे बय्यूमी आयुष्यात कशाच्याही नादी लागला नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

बय्यूमी कातारी, त्याचा बाप कातारी, आजा कातारी. दुकान म्हणजे मशिदीच्या भिंतीला टेकलेली एक अंधारी खोली. तिथे जमिनीलगत बसून त्याने जन्म काढला. दोन लोखंडी टोकांमध्ये बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा बोटभर तुकडा अडकवायचा, धनुकलीच्या दोरीचा त्याला वेढा द्यायचा, उजव्या हाताने धनुकली मागेपुढे ओढायची आणि डाव्या हातातली पटाशी फिरत्या लाकडावर टेकवायची. पटाशीचे टोक हलू नये म्हणून उजव्या पायाची बोटे तिला आधार द्यायची. त्यामुळे त्याच्या उजव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून राहायचा, आणि कुठल्याच चपलेत नीट मावायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तो पाय पाहून त्याची बायको इन्साफ म्हणाली होती, “बाबा म्हणाले, मुलगा दोन्ही हातांनी कमावतो. हा तर तीन हातांचा निघाला.”

त्या तीन हातांतून मणी निघत. गोल मणी, लांबट मणी, मध्ये कंबर असलेले मणी. एकाची खुंटी दुसऱ्याच्या भोकात, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, अशी जाळी विणत जायची. खिळा नाही, सरस नाही. उन्हाळ्यात वाळवंटातला वारा सुटला की लाकूड आकसते, हिवाळ्यात ते फुगते. त्याला हलायला जागा नको का? सरस लावून चिकटवलेली जाळी पहिल्याच उन्हाळ्यात तडकते, आणि असली जाळी विकणारे लोक हल्ली विजेच्या यंत्रांवर बसतात. त्यांच्याबद्दल बय्यूमी काही बोलत नसे. त्यांच्या दुकानावरून जाताना फक्त खोकायचा.

बापाने त्याला शिकवले होते की खिडकी मोजण्याआधी बैठक मोज. घरातली बाई गादीवर बसली की तिचे डोळे किती उंचीवर येतात, तेवढ्यापर्यंत वीण दाट हवी. आतून सगळी गल्ली दिसावी आणि गल्लीतून आतले नखही दिसू नये. जुन्या घरांतून बाईच्या बसल्या उंचीची खजुराची काठी तोडून पाठवत, आणि बय्यूमीचा बाप त्या काठ्या दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवी. ज्या बायकांचे तोंड जन्मात पाहिले नाही, त्यांच्या डोळ्यांची उंची त्याला तोंडपाठ असे. आणि एक गोष्ट आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही, ती आईच्या दुधाबरोबर येते. मशरबियाखालून जाताना पुरुषाने मान खाली घालायची. वर बघतो तो बिनवळणाचा.

इन्साफला असली खिडकी कधी लागलीच नाही. ती गल्लीच्या तोंडाशी भाजी विकायची. मुलुखिया, जिरजिर, कांद्याची पात, लिंबे. उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसून सकाळपासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. कुणाच्या मुलीचे ठरले, कुणाचा नवरा सौदीहून परतला, कुणाच्या भावाने कुणाशी अबोला धरला, हे सगळे तिच्या पुढ्यातल्या भाजीइतकेच ताजे असायचे. तिला सारे जण उम्म सबाह, सबाहची आई, म्हणत, आणि बय्यूमीला अबू सबाह; सबाह ही त्यांची एकुलती एक मुलगी, आता तान्ता गावी संसारात होती. पोरेटोरे खाला म्हणत. येणारा जाणारा तिला सलाम घातल्याशिवाय पुढे सरकत नसे, आणि एखादा सरकलाच तर ती त्याला परत बोलावून घ्यायची.

बय्यूमी मुखदुर्बळ. दिवसभर खाली मान घालून मणी काढणारा माणूस, त्याला गल्लीतले काय कळणार? संध्याकाळी जेवताना इन्साफ त्याला सगळी गल्ली सांगायची, आवाज काढून, तोंडे वेडावून. तो हूं हूं करत भाकरीचा तुकडा बुडवायचा. पण एखाद्या दिवशी ती थकून गप्प बसली तर तोच विचारायचा, “मग? त्या धोब्याचं काय झालं?”

मग ती पडली. घराच्या दगडी जिन्यावर कुणी पाणी सांडले होते. खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण जिना कायमचा संपला. चार माणसांनी तिला खुर्चीसकट वर नेले तेव्हा ती म्हणाली, “नीट बघून घ्या रे. आता मला खाली आणाल ते आडवीच आणाल.” सगळे हसले. बय्यूमीला हसू आले नाही.

वरच्या खोलीला एक फळ्यांची खिडकी होती. लावली तर काळोख, उघडली तर ऊन, धूळ आणि माशा. इन्साफ उन्हात डोळे बारीक करून खिडकीशी बसायची आणि नवऱ्याला टोचायची. “साऱ्या कैरोला खिडक्या घातल्यास, अबू सबाह. बायकोच्या वाट्याला मात्र ही फळकुटं.”

ते त्याला लागले, कारण ते खरे होते. त्याने मनाशी ठरवले. मशरबिया करायची, आणि अशी करायची की या हातांनी तशी पूर्वी केली नाही. तोवर हात थरथरायला लागला होता, डोळेही दगा देत होते. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होते. गिऱ्हाइकांची कामे त्याने मागे सारली. तो माप घ्यायला बसला तेव्हा इन्साफ गादीवर ताठ बसली आणि म्हणाली, “डोळे कसले मोजतोस? कफनाचं माप घेतल्यासारखा चेहरा करू नकोस.”

“हलू नकोस,” एवढेच तो म्हणाला.

हिवाळाभर तो मणी कातत होता. चौकट शेजारच्या हनफी सुताराने केली. हनफी त्याचा बालपणापासूनचा दोस्त, तोंडाने फटकळ, हाताने बरा. खालच्या भागात बय्यूमीने बापाच्या पद्धतीची सगळ्यांत बारीक वीण घातली, प्रत्येक चार मण्यांच्या मध्ये आणखी एक इवलासा क्रूस, फुलीच्या आकाराचा तुकडा. वसंतात ती बसवली तेव्हा बायका जिन्यात गोळा झाल्या आणि त्यांनी जिभा हलवून मंगल आवाज काढले. खोलीत सावली आली, आणि सावलीत उन्हाचे बारीक दाणे पसरले. सज्ज्यात मातीची सुरई ठेवली, संध्याकाळपर्यंत तिचे पाणी गार झाले. इन्साफ जाळीवरून बोटे फिरवत राहिली. “डोळ्यांचं पारणं फिटलं,” ती म्हणाली. बय्यूमीला वाटले, आपण सुटलो.

पहिले काही दिवस तिने भरभरून गल्ली सांगितली. तिला आता सगळेच दिसत होते, अगदी कॉफीवाल्याच्या दुकानातला सोंगट्यांचा डावसुद्धा. मग सांगणे कमी होत गेले. मग “काही नाही, रोजचंच” असे होऊ लागले. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो घरी आला की ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, खिडकीपासून दूर. ताटातले तसेच राहू लागले. बय्यूमीने कबुतराचे सूप करवून आणले. ते त्यालाच प्यावे लागले.

“वय झालं तिचं,” हनफी म्हणाला. “तुझंही झालंय. आरशात बघत जा.”

“वयानं माणूस म्हातारं होतं,” बय्यूमी म्हणाला. “मुकं कसं होईल?”

 ही अशी गप्प गप्प होत एक दिवस विझून जाईल, आणि का ते आपल्याला कळणारसुद्धा नाही, असे त्याला वाटू लागले.

एका दुपारी धनुकलीची दोरी तुटली. नवी ओवायला नजर साथ देईना, म्हणून तो दुकान बंद करून घराकडे निघाला. गल्लीत त्याच्या पुढे शलबी चालला होता. शलबी ज्येष्ठमधाचे सरबत विकतो. पोटावर पितळेचा मोठा हंडा बांधलेला, हातात पितळी वाट्या, त्या वाजवत जायचे. इन्साफच्या भाजीच्या खोक्याशी टेकून रोज सरबताचा पहिला पेला तिला देणारा तोच.

तेवढ्यात वरून हाक आली. “शलबी. अरे ए शलबी.”

आवाज इन्साफचा होता, पण पडल्यापासून त्याच्यातला दम गेला होता, आणि उरलेला निम्मा जाळीतच अडकत होता. शलबी थांबला. त्याने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, कॉफीवाल्याच्या दुकानात डोकावला. मग मान खाली घालून वाट्या वाजवत पुढे निघाला.

“अरे, बहिरा झालास का?” वरचा आवाज म्हणाला. शलबीने पावले उचलली.

बय्यूमीने त्याला गाठले. “तुला कुणी हाक मारली का रे?”

“मारली असेल कुणी बाईनं, कुणालातरी,” शलबी म्हणाला. “मला वाटलं वरूनच आली. पण मी वर बघायचं का, उस्ता? तुमच्या घरच्या मशरबियाकडे? असलं वळण नाही आम्हाला. खाला बऱ्या आहेत ना? फार दिवस झाले, दिसल्या नाहीत. माझा सलाम सांगा.”

शलबी गेला. बय्यूमी गल्लीच्या मध्यावर उभा राहिला आणि त्याने मान वर केली. आपले काम खालून कसे दिसते ते बघायची कातारी माणसाला मुभा असते. जाळी सुरेख दिसत होती. मागे बाई बसली आहे, ती आत्ता बोलली आहे, हे ठाऊक असूनही त्याला तिच्या ओढणीचा काठसुद्धा दिसला नाही. त्याला आधी अभिमान वाटला. बाप असता तर पाठ थोपटली असती. आणि त्या अभिमानाच्या पाठोपाठच त्याला कळले की आपण काय करून बसलो.

जिना चढताना त्याला दोनदा थांबावे लागले. इन्साफ खिडकीतच बसली होती. तिने वळून पाहिले नाही.

“मला आधी का नाही सांगितलंस?” त्याने विचारले.

तिने जाळीवर बोट टेकवले. मग म्हणाली, “काय सांगू? तुझ्या जन्मातलं सगळ्यांत चांगलं काम माझ्यासाठी केलंस. हात थरथरत असताना केलंस. ते मला नको झालंय हे कुठल्या तोंडानं सांगू?”

“सांगायचं.”

“मग ऐक. मी मेल्यावर ही गल्ली कशी चालेल, ते मला आत्ताच रोज दिसतं. सगळे येतात, जातात, भांडतात, भाजी घेतात. कुणाचं काही अडत नाही. आणि वर कुणी बघत नाही, अबू सबाह. चांगली माणसं आहेत ना, म्हणून बघत नाहीत. त्या फळकुटाच्या खिडकीत ऊन लागायचं, माशा यायच्या, पण शलबी मला शिव्या घालायचा. ‘अजून जिवंत आहेस का, म्हातारे?’ असं विचारायचा. इथं मला कुणी विचारत नाही.”

बय्यूमी खाटेवर बसला. आपण आयुष्यभर बायकांच्या डोळ्यांची उंची मोजली, आणि जिच्याबरोबर आयुष्य काढले ती कशावर जगते हे आपल्याला दिसले नाही. याची त्याला लाज वाटली, आणि तिची इतकी दया आली की त्याला तिच्याकडे बघवेना.

“एक झडप करतो,” अखेर तो म्हणाला. “तोंडासमोर. उघडायची, बोलायचं, लावून घ्यायची.”

“म्हणजे खुराड्यातल्या कबुतरासारखं डोकं बाहेर काढू? झडप कर, टोपली सोडायला होईल. पण मी बसले असताना दिसले पाहिजे. काही न करता नुसती बसले असताना. आधी विचारून दिसायचं नाहीय मला.”

दुसऱ्या दिवशी त्याने हनफीला बोलावून चौकट खाली उतरवली. सरस नसला की जाळी सोडवता येते, पण मधला मणी एकटा निघत नाही. कडेपासून ओळच्या ओळ उसवत यावे लागते. हिवाळाभर घातलेली वीण बय्यूमी मांडीवर घेऊन उसवू लागला तेव्हा हनफीचा जीव वरखाली झाला.

“वेडबिड लागलंय का तुला? इतकं बारीक काम आता या शहरात कोण करतं?”

“म्हणून तर फेकत नाहीय. वर लावणार आहे. वरून ऊन येतं, तिथं दाट बरी. खाली मोकळी.”

“उलटी?” हनफीने कपाळावर हात मारला. “लोक म्हणतील, हनफीला चौकटीची वरची बाजू कुठली तेही कळत नाही.”

“म्हणू देत.”

“तुझा बाप कबरीत उठून बसेल.”

“बसला तर त्याचीही उंची मोजून घेतो,” बय्यूमी म्हणाला. बय्यूमीने विनोद केला याचाच हनफीला इतका धक्का बसला की तो रंधा शोधू लागला.

मोकळ्या जाळीला मोठे, लांब दांडे लागतात. ते कातताना त्याचा हात अनेकदा घसरला. काही दांडे किंचित वाकडे निघाले. पूर्वी त्याने ते चुलीत घातले असते. आता त्याने तेच बसवले, आणि टोपली सोडायला एक झडपही ठेवली. दाट जाळी वरच्या चौकटीत बसवल्यावरही पुष्कळ बारीक मणी आणि क्रूस उरले. ते त्याने एका टोपलीत भरून इन्साफपाशी ठेवले, पुढेमागे एखादा तुटला तर असू देत म्हणून.

मशरबिया पुन्हा भिंतीवर चढली. मोठ्या भोकांतून आता इन्साफचा चेहरा सरळ दिसत होता, तिची पांढरी ओढणी, तिचे हात. बय्यूमी खाली गल्लीत उभा राहून वाट पाहू लागला. माणसे आली, गेली. कुणी वर पाहिले नाही. कसे पाहणार? वर मशरबिया होती. वीण मोकळी आहे की दाट, हे कळायला आधी मान वर करावी लागते, आणि जन्माची सवय एका दिवसात थोडीच जाते?  बय्यूमीला वाटले, जाऊन एकेकाला हाताला धरून सांगावे. पण तोंडातून शब्द फुटेल तर तो बय्यूमी कसला?

इतक्यात वाट्या वाजवत शलबी आला. मान खाली घालून तो खिडकीखालून निघाला, आणि त्याच्या पितळी हंड्यावर टण् असा आवाज झाला. तो थांबला. दुसरा टण् झाला. तिसऱ्या वेळी काहीतरी त्याच्या टोपीवर बसले आणि उसळून दगडी फरशीवर घरंगळत बय्यूमीच्या पायाशी आले. तो त्याच्याच हातचा मणी होता.

“मेल्या, वर बघ,” आवाज आला. “का मान मोडलीय तुझी?”

शलबीने वर पाहिले. आधी तो दचकला, मग त्याचे सगळे दात दिसले. “अजून जिवंत आहेस का, म्हातारे?” तो ओरडला, आणि त्याचा आवाज मध्येच चिरकला.

“तुला गाडल्याशिवाय कुठली जाते? दोरीची टोपली सोडतेय, पेला भर. आणि गोड कमी घालतोस हल्ली, मला सगळं दिसतं वरून.”

कॉफीच्या दुकानातल्या माणसांनी माना वर केल्या. धोब्याला कानाखाली एक मणी बसला, कारण तो अजून खालीच बघत होता. नंतर नंतर मणी मारायचीही फारशी गरज पडेना. पण नवखा कुणी मान खाली घालून चालला की इन्साफ टोपलीत हात घालायची.

त्या दिवसापासून बय्यूमीचा एक नेम झाला. संध्याकाळी दुकान बंद करून घरी येताना तो आपल्या खिडकीखाली वाकायचा. गटाराच्या कडेने, फरशीच्या फटींतून, कधी त्या फटकून राहणाऱ्या अंगठ्याने उकरून, तो आपले मणी गोळा करायचा. त्याच्या हातून पुन्हा कधी न होणारे ते काम होते, आणि त्यातले काही टवके उडालेले निघत. पुसून तो ते खिशात टाकायचा. वर जाऊन सगळे टोपलीत ओतायचा, तिला उद्याला पुरावेत म्हणून, आणि मग जेवायला बसायचा.

“आज कोण?” तो विचारायचा.

आणि इन्साफ पाय लांब करून, आवाज काढत, तोंडे वेडावत, सांगायला लागायची.